ताट रिकामं गेलं

मंगळवार, रात्री पावणेबारा

आईला आत्ता कुठे झोप लागलीय. मला काही लागणार नाही, म्हणून लिहीत बसलेय.

खुब्याच्या ऑपरेशनला आज पाच दिवस झाले. जखम कोरडी आहे, ताप नाही, रविवारी वॉकर धरून तिने चार पावलंही टाकली. घरी फोनवर मी सगळ्यांना छान चाललंय म्हणून सांगत होते. आणि काल रात्री दहाच्या सुमारास तिचा हात हातात घेतला तर गार, घामाने ओला. हाक मारली तर नुसती बघत राहिली. सिस्टर धावत आल्या, बोटाला टोचून बघितलं तर साखर ५४. सत्तरच्या खाली गेली तरी कमी धरतात. घोट घोट साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ८८ आली.

सिस्टरनी विचारलं, "आजी संध्याकाळी नीट जेवल्या होत्या ना? इन्सुलिन दिलंय त्यांना."

मी "हो" म्हटलं.

ते खरं नव्हतं. आईने दोन घास भात खाल्ला होता. बाकीचं ताट मी संपवलं होतं. रोजच संपवत होते. इथे जवळजवळ प्रत्येक कॉटशेजारी हेच चालतं. सोबतच्या माणसाला पेशंट सोडून कँटीनला जाववत नाही, आणि समोरचं अन्न टाकवत नाही. ताट स्वच्छ होऊन परत जातं, मग सगळे समजतात की पेशंट जेवला. पाच मिनिटांनी सिस्टरकडे जाऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कॉटच्या पायथ्याशी चार्ट लटकतो. सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, सगळं मिलीलिटरमध्ये. तोंडाने किती पाणी, किती चहा, तेही. पण पोळी किती, भात किती, वरण प्यायली की तसंच राहिलं, हे लिहायला त्यात जागाच नाही.

जेवण वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मीच तर खात होते. महात्मा फुले योजनेत ऑपरेशनबरोबर पेशंटचं जेवणही धरलेलं असतं, ते वेळेवर येतं, दुधीची भाजी चवीला बरी असते. पण पाच खणांच्या ताटावर पातळ प्लास्टिक ताणलेलं. आतली वाफ आतच राहून पोळी एका बाजूने ओली आणि दुसऱ्या बाजूने वातड. मला ती चावत होती. आईची कवळी ऑपरेशनच्या आधी काढून घेतली, ती डबीत, डबी ड्रॉवरमध्ये. पाच दिवस! एवढ्या पोळ्या तिच्यासमोर ठेवल्या आणि तिला दात नाहीत हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ती "भूक नाही गं" म्हणत राहिली, आणि मी ते खरं मानलं.

सकाळी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या. आईचं वजन ४६ किलो, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, २.९, ते निदान ३.५ तरी हवं. जखम भरून यायला, पायात पुन्हा ताकद यायला तिला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतील म्हणाल्या, म्हणजे दिवसाला ५५ ते ७० ग्रॅम. कालच्या दिवसात खरोखर पोटात काय गेलं ते आम्ही दोघींनी मोजलं. पंधरासुद्धा भरेनात. त्यात संध्याकाळचं ताट साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला. मधे चौदा तास काही नाही, आणि बाई मधुमेहाची.

आई माळकरी, अंडं चालत नाही. मग मऊ मुगाची खिचडी, दह्यात कालवलेलं दाण्याचं कूट, कुस्करलेलं पनीर, रात्री नऊला कपभर दूध, असं ठरलं. मॅडमनी फाइलवर 'सॉफ्ट डाएट' लिहिलं आणि दुपारी खिचडी हजर. किचनमध्ये ती रोजच होत होती. आमच्या फाइलवर कुणी लिहिलं नव्हतं, इतकंच. डॉक्टरांनीही सांगितलं, आजी किती जेवल्या ते बघून मगच इन्सुलिन द्या.

सगळ्यात लागलं ते ताटं गोळा करणाऱ्या मावशींचं बोलणं. "मला म्हाईत होतं की ताई, आजी खात न्हाईत. रोज तुमच्याच हातात ताट असायचं. पण आमाला कोण इचारतंय?" मावशी दिवसातून तीनदा प्रत्येक कॉटपाशी जातात. वॉर्डात कोण जेवतं, कोण नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या हातात एक साधी वही दिली असती तर कालची रात्र आलीच नसती, असं मला मनापासून वाटतं.

आता मीच वही केलीय. औषधांच्या बिलाच्या पाठीमागे रेघा मारून. आईने कवळी लावून आरशात बघितलं आणि केस नीट केले.

आज दुपारी: खिचडी पाऊण वाटी, दही-कूट अर्धी वाटी. संध्याकाळी: खिचडी एक वाटी, पनीर चार चमचे. रात्री नऊ: दूध, पूर्ण कप. रात्री अकराला साखर १३२.

मी: घरून आलेला डबा.