पोल दिसला की सुटणारा घोडा

उडी, म्हणजे आडवा बांबू (पोल) मांडलेला अडथळा, समोर आली की घोडा कान टवकारतो आणि शेवटच्या चार-पाच ढांगांत सुसाट सुटतो. रिंगच्या कट्ट्यावर बसलेले म्हणतात, "काय जिगर आहे!" बहुतेक वेळा ती जिगर नसतेच. ती उडी त्याला एकदाची उरकून टाकायची असते, कारण तिथे काहीतरी दुखतं, भीती वाटते किंवा तोंडाला हिसका बसतो.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. इथे हौशी स्वारांच्या हाती येणारे बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. रेसच्या घोड्याला ताणलेल्या लगामावर रेलून पळायची सवय असते, आणि स्वार खोगिरातून उठून पुढे झुकला की तो त्याच्यासाठी वेगाचा इशारा. उडीकडे जाताना आपण नेमकं काय करतो? बूड उचलतो, पुढे झुकतो आणि घाबरून लगाम ओढतो. घोडा शिकवल्याप्रमाणेच वागतो! त्यात खुराक रेसचा, ओट आणि चणे, काम जेमतेम पाऊण तास आणि उरलेला दिवस पागेत उभं राहणं. काम कमी असेल तर दाणा कमी करा, गवत वाढवा आणि जमेल तितका वेळ मोकळं सोडा.

सरावाआधी दुखणं तपासा. खोगीर काढल्यावर घाम बघा. सगळी पाठ ओली आणि कण्याशेजारी तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तिथे खोगीर दाबत असण्याची शंका घ्यावी. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत मागे जा. घोडा पाठ खाली टाकत असेल, शेपूट फटकारत असेल तर आधी डॉक्टर, मग पोल. हॉक, म्हणजे मागच्या पायांचे मधले सांधे, दुखत असतील तर घोड्याला मागच्या पायांवर भार घेऊन उडता येत नाही, तो वेगाच्या जोरावर सपाट उडतो. दात आणि नाल हेही बघून घ्या. मे महिन्यात दगडासारख्या झालेल्या मुरमावर उतरताना पुढचे पाय ठणकतात, म्हणूनही पुढची उडी घाईत होते.

इथवर सगळं ठीक निघालं की पहिला मोह होतो कडक बिटाचा, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या कडीचा. तो टाळाच. ओढलं की घोडा डोकं वर फेकतो, पाठ पोकळ होते, अंतर नीट जोखता येत नाही, पोल पायाला लागतो आणि पुढच्या वेळी तो आणखी जोरात सुटतो. साधं स्नॅफल, म्हणजे सौम्य बिट, पुरे. मानेभोवती रकाबाचा (पाय ठेवायच्या कडीचा) जुना पट्टा सैल बांधा. तोल गेला तर लगामाऐवजी तो धरायचा.

सुरुवातीला उडी नकोच. जमिनीवर एक पोल टाका आणि त्यावरून साध्या चालीने, त्याला कंटाळा येईपर्यंत न्या. मग ट्रॉटसाठी (दुडक्या चालीसाठी) चार पोल, 1.30 मीटर अंतराने. घोडा बुटका असेल तर 1.20. अंतर टेपनेच मोजा, पावलांनी अंदाज नको, कारण चुकीच्या अंतरावर घोडा अडखळतो आणि आपणच त्याला घाई शिकवतो. गोल बांबू किंवा पाइप पायाखाली घरंगळतो, म्हणून दोन्ही टोकांना वाळूच्या छोट्या पिशव्या लावा. लय टिकली की शेवटच्या पोलापुढे 2.50 ते 2.70 मीटरवर 45 सेंटीमीटरचा क्रॉस (फुलीसारखे मांडलेले दोन पोल), आणि क्रॉसपलीकडे 3 मीटरवर आणखी एक पोल. तो पुढचा पोल दिसत असल्यामुळे घोडा उतरल्यावर पहिलीच ढांग आवरती टाकतो. आवरण्याचं काम पोल करतात, हातांनी फक्त सोबत जायचं.

कँटरमध्ये, म्हणजे ट्रॉटपेक्षा वेगाच्या दौडीत, सुटत असेल तर उडीशेजारी 15 ते 20 मीटरचं वर्तुळ धरा. मोठ्याने एक-दोन, एक-दोन मोजत राहा. श्वास रोखला जात नाही आणि लय बिघडलेली लगेच कळते. बिघडली की वर्तुळावरच राहा, उडी घेऊ नका. सुधारली की सहज सरळ व्हा आणि उडवा. मात्र वळायचं ते पाच-सहा ढांगा आधीच ठरवायचं. अगदी पोलापाशी नेऊन वळवलंत तर घोडा उडी चुकवून बाजूने पळायला शिकतो, आणि ती खोड घाईपेक्षा वाईट.

काही घोडे उडीआधी शांत असतात आणि उतरल्यावर सुटतात. तिथे बहुधा स्वार मागे पडून धपकन पाठीवर बसलेला असतो. रकाब दोन भोकं आखूड करा, अयाळ धरा आणि उतरल्यावर सरळ रेषेत ट्रॉट, मग चाल. एका सत्रात दहा-बारा उड्या, आठवड्यातून दोनदा, पुरेत. पावसाळ्यात रिंगमध्ये चिखल असेल तर तेवढ्याही नकोत, नुसते पोल चालवा.