रगतमा लोखंड

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला हिमोग्लोबिनचा पाठ आला की मला शहाद्यातली आपली शाळा आठवते, कारण या विषयावरचा सगळ्यात चांगला प्रश्न मी आपल्या प्रयोगशाळेत ऐकला.

नववीचा वर्ग होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, एवढं एक वाक्य पुस्तकात होतं. तापीकाठच्या गावाहून रोज एस.टी.ने येणारा आमचा एक वर्गमित्र उठून म्हणाला, "सर, रगतमा लोखंड शे, ते मंग लोहचुंबकले चिटकत का नही?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक घेऊन आले. स्वतःच्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर घेतला, वाळवला, पट्टी दोऱ्याला टांगली आणि चुंबक अगदी जवळ नेलं. पट्टी हलली नाही. "चिकटत नाही, हे आपण पाहिलं. का चिकटत नाही, ते मला सांगता येत नाही. ज्याला कळेल त्याने मला येऊन सांगायचं." फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला तो प्रश्न वार्षिक परीक्षेपर्यंत कोणी पुसला नाही.

नंतर वाचताना मला कळलं, की वाळलेलं रक्त आणि चुंबक हा प्रयोग खुद्द मायकेल फॅरेडेने १८४५ साली केला होता आणि त्यालाही चिकटलेलं काही दिसलं नव्हतं. सर फॅरेडेच्याच वाटेने गेले होते, आणि तेही वर्गाला न शोभणारा समजल्या गेलेल्या एका प्रश्नाचा मान राखून. पुढचं पाऊल ९१ वर्षांनी पडलं. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी ताज्या रक्तावर मोजमाप केलं. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, आणि ऑक्सिजन बसला की ती ओढ नाहीशी होते! आमच्या वर्गमित्राला हवं ते उत्तर असं दुपदरी आहे. खिळ्यात लोखंडाचे असंख्य अणू एकमेकांना लागून असतात आणि एकाच दिशेने जोर लावतात. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अणू फक्त चार, तेही एकमेकांपासून दूर, प्रत्येक आपापल्या हीम नावाच्या सपाट कड्यात एकटा. त्यामुळे ती ओढ इतकी क्षीण, की लाउडस्पीकरच्या चुंबकाला ती पकडता येत नाही. एमआरआय यंत्राला मात्र येते. मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे हे दाखवणाऱ्या तपासण्या याच फरकावर चालतात. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी ते दाखवून दिलं.

पण मला खरी भुरळ पडली ती पुढच्या भागाची. चुंबकाची ओढ जाते म्हणजे लोहाच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि मांडणी बदलली की अणूचा आकार बदलतो. ऑक्सिजन नसताना लोह थोडं मोठं असतं आणि हीमच्या सपाट कड्याच्या मधल्या जागेत मावत नाही. ते सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम बाहेर राहतं. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) ऑक्सिजन येऊन बसला की लोह आकसतं आणि कड्याच्या पातळीत सरकतं. त्याच्या दुसऱ्या बाजूला हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल जोडलेलं असतं. लोह सरकताना त्यालाही ओढून नेतं, हिस्टिडीनबरोबर अमिनो आम्लांच्या साखळीचा तो सगळा पीळ हलतो, आणि शेवटी हिमोग्लोबिनचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. अणूच्या एवढ्याशा हालचालीने हजारो अणूंचा रेणू फिरावा, याचं मला इतकी वर्षं शिकवूनही नवल वाटतं.

हे माणसाला दिसलं ते मॅक्स पेरुट्झ यांच्यामुळे. व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १९३६ मध्ये केंब्रिजला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने हिमोग्लोबिनचे स्फटिक हाती घेतले. १९३८ मध्ये फेलिक्स हाउरोविट्झ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळे षट्कोनी स्फटिक हवा लागताच मोडून गेले आणि त्यांच्या जागी लालभडक सुया उगवल्या. म्हणजे ऑक्सिजन बसताना रेणूचं रूपच बदलत असलं पाहिजे. ते रूप उलगडायला पेरुट्झना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. रेणूला पाऱ्याचे अणू जोडून क्ष-किरणांची चित्रं वाचण्याची युक्ती त्यांना १९५३ मध्ये साधली, रचना १९६० मध्ये प्रसिद्ध झाली, १९६२ मध्ये जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल मिळालं, आणि लोहाच्या सरकण्याचा वर सांगितलेला उलगडा त्यांनी १९७० मध्ये मांडला. ती पहिली रचना घोड्याच्या हिमोग्लोबिनची होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत वाढलेल्या मला हे वाचून झालेला आनंद लपवावासा वाटत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी सरांना उत्तर द्यायला गेले. ते अंगणात सुंभाच्या खाटेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण चारच का गं? एकाने भागलं नसतं?"

भागलं नसतं. एकाच साखळीचा, एकाच हीमचा रेणू आपल्या स्नायूंत असतो. त्याचं नाव मायोग्लोबिन. तो ऑक्सिजन इतका घट्ट धरतो, की आजूबाजूचा ऑक्सिजनचा दाब सुमारे ३ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरल्यावर कुठे अर्धा सोडतो. फुफ्फुसात तो दाब १०० च्या आसपास असतो, विसावलेल्या स्नायूंजवळ ४० च्या. रक्तात मायोग्लोबिन भरलं असतं तर फुफ्फुसात ते गच्च भरलं असतं आणि स्नायूंपाशी तसंच भरलेलं परत आलं असतं. हिमोग्लोबिन १०० ला जवळजवळ पूर्ण भरतं, ४० ला पाऊण भरलेलं राहतं, आणि कष्टाच्या वेळी दाब आणखी उतरला की झपाट्याने रिकामं होतं. आलेखावर काढलं तर हे इंग्रजी एस अक्षरासारखं वळण दिसतं.

हे वळण चार साखळ्यांच्या एकमेकींत अडकण्यातून येतं. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. दोन बीटा, १४६ च्या. ऑक्सिजन नसताना या चौघी विद्युतभारांच्या बंधांनी आवळलेल्या असतात आणि पहिल्या ऑक्सिजनला जागा मिळवायला जड जातं. तो बसला की काही बंध सुटतात आणि पुढच्यांना सोपं होतं. मी हे सांगत असताना सरांनी खाटेच्या सुंभावर हात ठेवला. म्हणाले, एका कोपऱ्याची गाठ सोडली की बाकीच्या तीन कोपऱ्यांचा ताणही उतरतो, तसंच ना? तसंच. मी वर्गात आजही खाटच सांगते.

ही आवळलेली अवस्था शरीर स्वतः कमीजास्त करतं, आणि इथे मला आपल्या भागातल्या बायका आठवतात. कोपनहेगनच्या ख्रिस्तिआन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलं, की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. राबणाऱ्या स्नायूत नेमकं तेच घडतं. दुसरा सहायक म्हणजे तांबड्या पेशीतलाच बीपीजी नावाचा छोटा रेणू. चार साखळ्यांच्या मधोमध पोकळी असते. बीपीजी तिथे दोन बीटा साखळ्यांमध्ये शिरून आवळलेली अवस्था टिकवतो, म्हणजेच ऑक्सिजन सोडायला लावतो. त्याचं हे काम १९६७ मध्ये उघड झालं. रक्तक्षय झालेल्या माणसात बीपीजी वाढतो. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमवर आलेली बाई दिवसभर कापूस वेचते, घरी येऊन भाकरी थापते आणि "थोडा थकवा येतो" एवढंच सांगते, त्यामागे ही तडजोड आहे. उरलेलं हिमोग्लोबिन दर फेरीला जास्त ऑक्सिजन उतरवून देतं. म्हणून ती चालतीफिरती दिसते, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मला याचा फार राग येतो. चालतीफिरती आहे म्हणजे बरी आहे, असं घरातल्यांनी आणि डॉक्टरांनीही मानू नये.

आता सातपुड्याबद्दल. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. शाळेच्या वसतिगृहात माझ्या बरोबरीच्या काही मुली थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडायच्या. त्याला आम्ही संधिवात म्हणायचो. त्यांच्यापैकी कोणाला सिकलसेल होता का, हे आता कळणं शक्य नाही. १९४९ मध्ये पॉलिंग यांनीच दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन मुळातच वेगळं असतं, आणि व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये फरक नेमका पकडला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. १४६ मधलं एक.

ऑक्सिजन बसलेला असताना त्या एका बदलाने फारसं बिघडत नाही. ऑक्सिजन सोडून रेणू आवळला गेला, की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात रुतून बसतं. त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे लांब दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे ज्या फिरण्यामुळे आपण जगतो, त्याच फिरण्याच्या एका टोकाला हा आजार बसला आहे. पाणी भरपूर प्या, थंडीत कुडकुडू नका, ताप अंगावर काढू नका, हे सल्ले यातूनच येतात. बाळ पोटात असताना त्याच्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. त्यांच्यात बीपीजी नीट बसत नाही, म्हणून ते आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं, आणि त्या साखळ्यांचं हिमोग्लोबिन या दोरांतही नीट गुंफलं जात नाही. म्हणून सिकलसेलची लक्षणं जन्मानंतर काही महिन्यांनी दिसू लागतात, आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी बाळपणीचं तेच हिमोग्लोबिन वाढवून आराम देते.

आश्रमशाळांतल्या शिबिरांत मला आयाबाया विचारतात, आम्हा दोघांना काहीच त्रास नाही, मग पोराला कसा? दोघेही वाहक असले, म्हणजे सदोष गुण दोघांनाही एकेकाच पालकाकडून आलेला असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधं असल्याने त्याला सहसा जाणवत नाही. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की "रक्त कमी आहे" म्हणून प्रत्येक मुलाला सरसकट लोहाच्या गोळ्यांवर सोडू नका. सिकलसेलच्या मुलात लोहाचीच कमतरता असेल असं नाही. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती गढूळ आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी, मग औषध. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. आपल्या शाळेतल्या सातपुड्याकडच्या प्रत्येक मुलामुलीची तपासणी अकरावीच्या आत झालेली असावी.

शाळेच्या महोत्सवानिमित्त मी प्रयोगशाळेला हिमोग्लोबिनचं एक लाकडी मॉडेल देते आहे. अल्फा साखळ्या पांढऱ्या, बीटा निळ्या, हीम लाल. मधली पोकळी बोट जाईल एवढी ठेवली आहे. दोन्ही अर्धे भाग १५ अंश फिरतात, आणि फिरवल्यावर बीटावरची खाच उघडते. सहाव्या जागेची खुंटी काढता-घालता येते. ते कपाटात कुलूपबंद करू नये. नववीच्या मुलांनी ते हातात घ्यावं, फिरवावं. मोडलं तर मला कळवावं, मी दुरुस्त करून देईन.