खाजनातल्या पाण्याची दांडी: चौथं अपडेट, ह्या वेळी माणसांबद्दल

नमस्कार मंडळी, मागची तीन अपडेट्स नुसती सर्किट आणि कोडची होती, ह्या वेळी सोल्डरिंग जवळपास नाहीच कारण चवथीच्या आधीपासून आमची सहा जणांची टीम लोकांना भेटण्यातच गुंतलीय, आणि खरं सांगायचं तर आमची खारेपणा मोजायची दांडी जी काय सुधारलीय ती ह्याच काळात सुधारलीय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली खोलगट जमीन, पावसाळ्यात भात, आणि बांधाला पाणी आतबाहेर करायला लाकडी दारांची मानस. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वायर नाही, इतकं सुंदर डिझाइन मी कुठल्याच पुस्तकात बघितलेलं नाही. आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका मानशीजवळ पाण्याचा खारेपणा मोजणारी दांडी लावायच्या मागे आहोत, ईएसपी३२ (आकडे वाचणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एक प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचा सेन्सर.

पहिला धक्का शाळेत बसला. सातवीच्या मुलांना दाखवायला बादलीत पाणी, बाजूला मिठाची वाटी, स्क्रीनवर आकडा. पोरं चमचा चमचा मीठ घालतायत, आकडा वाढतोय, सगळे खूश. मग एक मुलगी म्हणाली, "ताई, मी अजून दोन चमचे घातले पण आकडा हलतच नाही." मी म्हटलं ढवळ. तिनं ढवळलं, तरी तिथेच. वर्गासमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री बसून बघितलं तर आमचा स्वस्तातला टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) प्रोब १००० पीपीएमपर्यंतच, म्हणजे लिटरला साधारण १ ग्रॅमपर्यंतच मोजतो, त्याच्या वर सगळं सारखंच! समुद्राचं पाणी लिटरला साधारण ३५ ग्रॅम मिठाचं, म्हणजे आम्ही अख्खा महिना जे खाडीकाठचे रीडिंग घेत होतो ते प्रोबच्या छताला टेकलेले होते आणि आम्हाला वाटत होतं वा काय स्थिर डेटा आहे. तो सगळा डेटा टाकून दिला. त्या मुलीला शाळेत जाऊन सांगून आलो की तुझ्यामुळे सापडलं.

मग जाणकारांचा शोध. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, जुन्या गोव्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं केंद्र आहे, ताळगावला विद्यापीठ, सगळं बसच्या अंतरावर, आणि आमच्यातल्या कोणीच आजवर कोणत्या शास्त्रज्ञाशी दोन वाक्यं बोललेलं नव्हतं. अकरा ईमेल पाठवले. पहिले आठ लांबलचक, आमच्या प्रोजेक्टचं कौतुक आम्हीच केलेलं आणि शेवटी "मार्गदर्शन करावे". एकाचंही उत्तर नाही. पुढचे तीन पाच ओळींचे लिहिले, एक फोटो, एक ग्राफ, एकच प्रश्न. त्यातल्या दोघांची उत्तरं आली. तुम्ही कोणाला लिहिणार असाल तर एवढं नक्की करा, एकच प्रश्न विचारा आणि तो असा विचारा की माणसाला चहा पिता पिता उत्तर देता येईल.

एक उत्तर समुद्रविज्ञानातल्या निवृत्त मॅडमचं, तेही उलटा प्रश्नच: "पाणी किती खोलीवरचं?" आम्ही काठावरून मग्गा बुडवून वरवरचंच पाणी घेत होतो. मॅडमनी फोनवर समजावलं की खारं पाणी जड, ते तळाशी सरकत येतं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं, त्यामुळे पावसाळ्यात वरचं पाणी चाखलं तर जवळजवळ गोडं आणि खाली भलतंच काही असू शकतं. दुसऱ्याच शनिवारी आम्ही रायबंदरची फेरीबोट पकडून गेलो, बाटलीला दगड बांधला, बुचाला दोरी, तळाला पोचल्यावर दोरी ओढायची. वरच्या पाण्याचं रीडिंग ३ मिलिसीमेन्स (सेंटिमीटरला; पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप, पाणी जितकं खारं तितका आकडा मोठा) आणि दीड मीटर खाली १४! मी तीन वेळा परत काढलं. आमची हार्डवेअरवाली चिखलात गुडघ्यापर्यंत उभी राहून "खाली १४! खाली १४!" ओरडत होती.

(हे रीडिंग नवीन प्रोबचे, सेल कॉन्स्टंट १० वाला म्हणजे जास्त खाऱ्या पाण्यासाठीचा, कॉलेजच्या लॅबमधून मागून आणलेला. कॅलिब्रेशन घरी करू शकता: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड म्हणजे २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स, दहापट घेतलं तर १२.८८ मिलिसीमेन्स. तापमानाची दुरुस्ती विसरू नका, अंशामागे साधारण २ टक्के फरक पडतो आणि उन्हात ठेवलेली बाटली चांगलीच तापते.)

दुसरं उत्तर मातीच्या शास्त्रज्ञांचं, आणि ते वाचून मी गप्पच झाले. आम्ही दांडीवर हिरवा-पिवळा-लाल दिवा लावला होता, ३ च्या वर गेलं की लाल, कारण भाताला ३ डेसीसीमेन्सपर्यंत (मीटरला; आमच्या ३ मिलिसीमेन्सइतकंच) चालतं असं वाचलेलं. सरांनी लिहिलं की तो आकडा मातीच्या ओल्या लगद्यातून काढलेल्या पाण्याचा, शेतात किंवा पोयीत (मानशीच्या आतल्या तळ्यात) उभ्या असलेल्या पाण्याचा नव्हे, आणि शिवाय खाजनातलं कोरगुट भात खारेपण सोसणारं, त्याला बाकीच्या भाताचा नियम कसा लावता? बरोबरच होतं. पण हे कळेपर्यंत आम्ही गावातल्या मीटिंगला तो लाल दिवा दाखवून आलो होतो.

त्या मीटिंगबद्दल लिहायलाच हवं. देवळाच्या मंडपात तीसेक माणसं होती. दिवा लाल झाला आणि दोन मिनिटांत भांडण. भात लावणारे म्हणतात बघा, मासळीसाठी मानस उघडी ठेवता म्हणून खारं आत येतं, आणि मानशीवरची मासेमारी लिलावात घेतलेले म्हणतात बांधाला खेकड्यांनी बिळं पाडलीयत ती कोण बुजवणार. आम्हाला वाटलेलं की आकडा दाखवला की सगळे आनंदानं बघतील. मानस सांभाळणारे काका शेवटी उठले आणि शांतपणे विचारलं, "हें यंत्र म्हाका कितें सांगतलें? दार केन्ना उगडपाचें तें सांगतलें?" (हे यंत्र मला काय सांगेल? दार कधी उघडायचं ते सांगेल?) नाही सांगणार काका, अजून तरी नाही, असं मी म्हटलं, आणि तेव्हापासून तोच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर आहे. दिवे काढून टाकले. आता स्क्रीनवर फक्त आकडा, खोली, वेळ आणि आधीची भरती कधी होती एवढंच येतं, निवाडा नाही. पोस्टरवरचा "विद्युतवाहकता" शब्दही गेला, "पाण्याचें खारेंपण" लिहिलं, कोकणीत आणि मराठीत दोन्ही, आणि लोक थांबून वाचायला लागले.

कोलॅबरेशनचं सगळ्यात भारी म्हणजे रायगडच्या एका कॉलेजच्या टीमशी जमलं. त्यांच्याकडे खारबंदिस्ती, म्हणजे खाजनासारखीच खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन, आणि आपल्या मानशीला ते उघाडी म्हणतात. पहिल्या व्हिडिओ कॉलवर अर्धा तास शब्दच जुळवत बसलो, मी पोय म्हणते तर त्यांना काहीतरी तिसरंच वाटतं, शेवटी दोघांनी कागदावर चित्र काढून कॅमेऱ्याला दाखवलं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातल्या भाताच्या जाती त्यांनी बघितल्यात, आम्ही त्यांना कोरगुटबद्दल सांगितलं. आता दोघांची एकच शीट आहे, कॉलमही तेच, आणि जिथे खोली लिहिलेली नाही ती ओळ सरळ लाल करून बाजूला टाकायची असं ठरलंय.

सध्या अडलंय ते शेवाळावर. प्रोब पाच दिवस पाण्यात ठेवला की इलेक्ट्रोडवर बुळबुळीत थर बसतो आणि रीडिंग हळूहळू खाली येतं. रायगडवाले पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवून मऊ ब्रशनं पुसतात, आम्हीही तेच करतोय, पण दर पाच दिवसांनी फेरीबोटीनं जाणं परीक्षेच्या दिवसांत जमणार नाही. काका म्हणाले दांडी मला दाखवून ठेवा, मी पुसत जाईन. मागच्या रविवारी त्यांना ब्रश आणि बाटली देऊन आलो, त्यांनी एकदा करून दाखवलं, आमच्यापेक्षा हळुवार हात. अमावस्येच्या उधाणाला दांडी पहिल्यांदाच पूर्ण रात्रभर मानशीजवळ राहणार आहे, एक प्रोब वर आणि एक तळाशी. कोणी खाऱ्या पाण्यात महिनाभर प्रोब ठेवलाय का? तांब्याची जाळी गुंडाळून काही फरक पडतो का ते प्लीज सांगा, आमच्याकडे जाळी आहे पण इलेक्ट्रोडच्या इतक्या जवळ लावायची हिंमत अजून झालेली नाही.