कशाचे टक्के?

शेकडेवारीच्या धड्यात गणितं ढीगभर असली, तरी त्यांच्या जाती तीनच. ८० चे १५ टक्के किती? १२ हे ८० च्या किती टक्के? आणि १२ हे ज्या संख्येचे १५ टक्के आहेत ती संख्या कोणती? तिन्हींत गडी तेच, १२, १५ आणि ८०. लपंडावात राज्य बदलावं तसा दर वेळी वेगळा गडी लपतो, एवढंच. पहिल्या जातीत मुलं गुणाकार करून मोकळी होतात. दुसरीत अंश कुठला नि छेद कुठला यावर थोडं अडखळतात. तिसरी आली की मात्र मान खाली घालून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं सुरू होतं.

माझ्या मते खरं गणित या तिसऱ्या जातीतच आहे. आधीच्या दोन्हींत ‘कशाचे टक्के?’ या प्रश्नाचं उत्तर वाक्यातच दिलेलं असतं. तिसरीत तेच शोधायचं असतं.

माझी भाची सातवीत आहे. तिच्यापुढे गणित होतं: एका शाळेतली मुलांची संख्या २० टक्क्यांनी वाढून २४० झाली, तर आधी ती किती होती? तिने २४० चे २० टक्के काढले, ४८ आले, ते वजा केले आणि खाली दोन रेघा मारल्या.

‘‘मावशी, झालं. १९२.’’

‘‘ताळा केलास?’’

‘‘ताळा मागितलेलाच नाहीये.’’

तरी करायला लावला. १९२ चे २० टक्के म्हणजे ३८.४. म्हणजे शाळेत अडतीस मुलं आली आणि एकोणचाळिसावं मूल चार दशांशच आलं. त्यावर ती खूप हसली, पण चूक कुठे झाली हे काही त्यातून कळेना. कारण १९२ हे उत्तर दिसायला मोठं सभ्य आहे. पूर्णांक आहे, २४० पेक्षा लहान आहे, फार लहानही नाही. शाळेतली चुकीची उत्तरं अशीच नीटनेटका भांग पाडून येतात, त्यामुळे त्यांचा संशय येत नाही.

गोम अशी की वीस टक्के वाढ झाली ती जुन्या संख्येच्या वीस टक्के झाली. त्या वेळी २४० जन्मालाच आले नव्हते. जुनी संख्या १०० मानली तर नवी १२०. आता १२० च्या जागी २४० आहेत, मग १०० च्या जागी किती? दोनशे. भाचीने मान डोलावली आणि लगेच विचारलं, ‘‘पण मग २४० वरून २०० वर यायला किती टक्के कमी करायचे? वीसच ना?’’

वीस नाही. सोळा पूर्णांक दोन तृतीयांश.

इथे मुलांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि मला त्यांची बाजू पटते. जितक्या पायऱ्या चढलो तितक्याच उतरलो तर माणूस जमिनीवर यायला हवा. बेरीज-वजाबाकीने इतकी वर्षं हेच शिकवलेलं असतं. टक्क्यांत तसं होत नाही, कारण चढताना पाया १०० चा होता आणि उतरताना १२० चा झालेला असतो. दहा टक्के वाढवून दहा टक्के घटवले तर १०० चे ९९ होतात. पन्नास वाढवून पन्नास घटवले तर ७५ च उरतात. आधी घटवून मग वाढवलं तरी उत्तर तेच, कारण शेवटी दोन गुणाकारच असतात आणि गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नसतं. एखादी गोष्ट निम्मी झाली की पन्नास टक्के गेले, पण ती पूर्ववत व्हायला शंभर टक्के वाढ लागते. वाढीला वरची मर्यादा नाही. दोनशे टक्के वाढ म्हणजे तिप्पट, दुप्पट नव्हे. घट मात्र शंभर टक्क्यांशी थांबते, त्यापुढे घटायला काही शिल्लकच राहत नाही.

लागोपाठच्या दोन बदलांसाठी एक सूत्र असतं. दोन्ही टक्के मिळवायचे आणि त्यांचा गुणाकार भागिले शंभर हेही त्यात मिळवायचं, घट असेल तर उणे चिन्ह लावून. वीस टक्के सूट आणि वर आणखी दहा टक्के सूट, म्हणजे तीस नव्हे, अठ्ठावीस. सूत्र बरोबर आहे. पण मुलं ते पाठ करतात आणि त्यातली शेवटची ती शेपटी कुठून आली हे विचारत नाहीत. ती शेपटी म्हणजे टक्क्यांवरचे टक्के. दुसरी सूट आधीच कमी झालेल्या किमतीवर मिळते, तो फरक तिथे नोंदलेला असतो. हे एकदा दिसलं की सूत्र विसरलं तरी चालतं. ०.८ गुणिले ०.९ बरोबर ०.७२, झालं काम.

हा शंभराचा हिशोब पुस्तकवाल्यांनी मुलांना छळायला काढलेला नाही, तो फार जुना आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस लिलावातल्या विक्रीवर शंभरावा हिस्सा कर घेत असे. आर्यभटाने ४९९ मध्ये त्रैराशिकाची, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत सांगितली: फळाला इच्छेने गुणावं आणि प्रमाणाने भागावं. प्रमाण म्हणजे दिलेली संख्या, फळ म्हणजे तिच्यामागे जे मिळतं ते, आणि इच्छा म्हणजे ज्या संख्येमागे किती मिळेल हे हवं आहे ती. प्रमाणाच्या जागी कायमचे १०० बसवले की झाली शेकडेवारी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तर आपल्या ओळखीचंच गणित आहे. शंभराला महिन्याकाठी पाच व्याज, तर सोळांना वर्षाचं किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. मला आवडतं ते त्याच्या पुढचं. तिथेच ते विचारतात, मुद्दल आणि व्याज दिलं तर काळ सांग, आणि काळ व व्याज दिलं तर मुद्दल सांग. एकाच गणिताचे तीन तुकडे, दर वेळी वेगळी गोष्ट झाकलेली. सातवीतल्या धड्याची आखणी नऊशे वर्षांपूर्वीच झाली होती म्हणायचं. पुढे ‘द.सा.द.शे.’ (दर साल दर शेकडा) असं मंत्रासारखं घोकत अनेक पिढ्यांनी सरळव्याज सोडवलं, आणि त्यातल्या शेवटच्या ‘शे’मध्ये सगळा जीव आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, कोण जाणे.

टक्क्याच्या चिन्हाची कथाही गमतीची आहे. दोन शून्यं आणि मध्ये तिरकी रेघ, म्हणजे १०० मधलेच अंक विस्कटून ठेवलेत, असं कित्येक मुलांना वाटतं. लक्षात ठेवायला छान, पण तसं नाही. पंधराव्या शतकातले इटालियन व्यापारी ‘शंभरास’ हे शब्द घाईघाईत आखूड करून लिहीत. नकलून नकलून ते झिजत गेले, सतराव्या शतकापर्यंत आडव्या रेघेच्या वर-खाली दोन गोळे उरले, आणि पुढे ती रेघ कलली.

शंभर हा आकडा सोयीचा खरा, पण त्याचं तिनाशी जमत नाही. एक तृतीयांश म्हणजे तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के, म्हणजे अपूर्णांक घालवायला गेलो आणि तोच पुन्हा दारात उभा. आठांशी बरं जमतं. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक षोडशांश म्हणजे सव्वासहा. ज्याच्या जिभेवर साडे आणि सव्वा रुळलेत त्याला यात काही अवघड नाही. आणखी एक सोय आहे, ती वर्गात फारशी सांगत नाहीत. २५ चे १६ टक्के काढायला कागद लागेल, पण १६ चे २५ टक्के म्हणजे पाव हिस्सा, चार. दोन्ही एकच आहेत, कारण शेवटी १६ गुणिले २५ भागिले १०० एवढंच करायचं असतं.

नफा-तोट्याच्या गणितांवर मात्र माझा जुना राग आहे. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर शेकडा नफा किती? पुस्तक म्हणतं २५. बरोबर, कारण नफा खरेदी किमतीवर काढायचा असा पुस्तकातला संकेत आहे. पण हिशोब ठेवणारे पुष्कळ लोक तोच नफा विक्री किमतीवर मोजतात, आणि त्यांच्या लेखी तो २० टक्के होतो. वस्तू तीच, नफा तोच, खोटं कुणीच बोलत नाही. धड्यात हा संकेत चौकटीत एका ओळीत देऊन टाकतात आणि पुढे पन्नास गणितं घालतात. माझ्या हाती असतं तर गणितं पाच ठेवली असती आणि त्या एका ओळीवर अख्खा तास घेतला असता. बातम्यांतही हेच चालतं. निकाल ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला की एक जण म्हणतो दहाने वाढला, दुसरा म्हणतो पंचवीस टक्क्यांनी वाढला. ज्याला जे सोयीचं ते तो छापतो.

त्या दिवशी भाचीला शेवटी एक जुनं कोडं घातलं. १०० किलो ओलं शेवाळ आहे, त्यात ९९ टक्के पाणी. उन्हात ठेवलं, थोडं वाळलं, आता पाणी ९८ टक्के. वजन किती? ती म्हणाली, ९९ किलो. म्हटलं, पन्नास.

‘‘काहीतरीच काय मावशी! एक टक्क्याने निम्मं?’’

‘‘पाणी सोड. कोरडा भाग किती होता ते सांग.’’

‘‘एक किलो.’’

‘‘तो उन्हात कमी झाला?’’

‘‘नाही.’’ मग जरा वेळाने, ‘‘आता तो दोन टक्के आहे. एक किलो हे ज्याचे दोन टक्के... अगं, ही तर तिसरी जात!’’

मग तिला चेवच चढला. पाणी ९६ टक्के झालं तर पंचवीस किलो. ९५ झालं तर वीस. उलट ९९.५ असतं तर दोनशे, ९९.९ असतं तर हजार. कोरडा किलो तोच, वजन मात्र वाढत चाललेलं. ‘‘आणि शंभर टक्के पाणी असेल तर?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, मग शेवाळ कुठे राहिलं, तो नुसता हौद झाला. ते तिला पटलं नाही. एक किलो तर आहेच ना, असं म्हणत ती एकाला शून्याने भागायला बसली.