तुम्ही विचारलंत म्हणून: बागेत अजगर कशाला?

"घरात पाच वर्षांचं पोर आणि बागेत अजगर? डोकं ठिकाणावर आहे ना?" ब्रिस्बेनात आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईही विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पाळलेला नाही हो. पाळायला परवाना लागतो. हा कार्पेट पायथन जातीचा अजगर. ही जात इथलीच, आमच्या घराच्या आधीपासूनची. विषारी नाही. आमच्या क्वीन्सलँड राज्यात साप मारणं गुन्हा आहे, पण मी काही कायद्याच्या धाकाने गप्प नाही. कोपऱ्यातला ओंडक्यांचा ढीग हलवत नाही, पसरट भांड्यात पाणी ठेवते आणि उंदराचं औषध घरात आणत नाही, कारण औषध खाल्लेला उंदीर शेवटी त्याच्याच पोटात जातो. याला 'अजगर ठेवणं' म्हणतात?

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, "अजगर असला की विषारी ब्राऊन स्नेक फिरकत नाही." थाप होती ती. दोघं एकाच कुंपणाच्या आत सुखाने राहू शकतात. तुमची तोंडं त्या वाक्याने पटकन बंद व्हायची, एवढाच त्याचा उपयोग.

खरं कारण जाळीचं आहे. चार वर्षांपूर्वी वटवाघळं येतात म्हणून लिचीवर स्वस्तातली नायलॉनची जाळी टाकली. सैल, खालचा घोळ गवतात लोळणारा. डिसेंबरातल्या एका सकाळी त्या घोळात अजगर दिसला. डोकं आरपार गेलेलं. मागे यायला बघायचा, पण खवल्यांची टोकं शेपटीकडे असतात. मागे सरकला की दोरा खवल्यांखाली शिरायचा. मी पडवीत उभी. साप पकडणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला तासाभरात येतो. त्या तासात झाडाची सावली सरकली आणि ऊन थेट त्याच्या अंगावर आलं. लांबूनच ओली चादर टाकावी, एवढंही सुचलं नाही मला. चहा केला मी. करून प्यायलेसुद्धा.

तो माणूस आला, गवतात मांडी घालून बसला आणि नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा कापत गेला. मानेच्या मागे मांसापर्यंत खाच पडली होती. मग त्याने अजगर पिशवीत ठेवला आणि पिशवीला गाठ मारली नाही. तेव्हा मला कळलं.

आता पांढरी, घट्ट विणीची जाळी आहे. ताणली तरी भोक ५ मिलिमीटरच्या वर जात नाही, करंगळी शिरत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांना अशीच जाळी सक्तीची आहे. मला मात्र अक्कल यायला एक जीव जावा लागला.

ओंडक्यांत सध्या दुसरा एक येऊन राहिलाय. लेकाच्या गिनीपिगचा पिंजरा मी दिवेलागणीला घरात घेते, कडी दोनदा बघते. सासूबाई म्हणतात, "बघ, भीती वाटतेच ना तुला!"

वाटते.