आठ नंबर संध्याकाळी का जात होता

एका गोदामातील जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारा रेकॉर्डर, बंद पडला, म्हणून तेथे नवा डीव्हीआर आणि आठ नवे कॅमेरे बसवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामामुळे चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यावर चोरीत सामील असल्याचा संशय आला. माझ्या कामाच्या वहीत मात्र त्या जागेपुढे माझ्याच अक्षरात 'सर्व चॅनल तपासले, ठीक' असे लिहिलेले आहे.

डीव्हीआर बसवणे हे लोकांना वाटते तितके अवघड काम नाही. हार्डडिस्क पाळतीच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली घ्यावी, कारण संगणकाची साधी डिस्क चोवीस तास सतत लिहिण्याने लवकर थकते. किती दिवसांचे रेकॉर्डिंग राहील, हे अंदाजाने न सांगता हिशेब करून सांगावे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट दिले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात, आठ कॅमेऱ्यांना मिळून १७३ जीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क साधारण २३ दिवस पुरते. तारीख आणि वेळ मी स्वतः मिळवतो. जुन्या यंत्रातला नाण्याएवढा सेल संपल्यामुळे त्याचे घड्याळ कित्येक तास मागे पडले होते आणि इतकी वर्षे ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. त्या वेळी मी मालकांना ऐटीत म्हणालो, "आता रेकॉर्डरची नोंद खोटी ठरणार नाही."

खरे कौशल्य केबल निवडण्यात असते, आणि तेथेच ग्राहकाला पैसे वाचवायचे असतात. मालकांनी घरच्या डिशची उरलेली आरजी-६ केबल पुढे केली. ती जाड आहे, मग चांगलीच असणार, असे त्यांचे म्हणणे होते. मी तिचा मधला तार चुंबकाला लावून दाखवला, आणि तो चिकटला. आत पोलाद आणि वर तांब्याचा पातळ थर. डिशचा सिग्नल ९५० मेगाहर्ट्झच्या वरचा असल्याने तो तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे त्याला तेवढा थर पुरतो. अॅनलॉग कॅमेऱ्याच्या सिग्नलमध्ये अगदी खालच्या वारंवारतेचाही भाग असतो, आणि त्याला सगळी तार तांब्याची लागते. दोन्ही केबल ७५ ओहमच्याच असल्या तरी पोलादी तारेच्या केबलवर लांब अंतरावर चित्र कुठे ओढल्यासारखे दिसते, तर कुठे फिके पडते. हे सारे मी पाच मिनिटे समजावून सांगितले आणि त्यांना पटलेही.

सात कॅमेऱ्यांच्या जुन्या केबल चांगल्या तांब्याच्या होत्या. आठवा कॅमेरा मागच्या भिंतीवर, म्हणजे सुमारे ६० मीटर दूर असल्याने त्याच्यासाठी नवी थ्री-प्लस-वन केबल, म्हणजे चित्राची एक आणि विजेच्या तीन तारा एकत्र असलेली केबल, ओढायची होती. माझ्या नेहमीच्या मालाचे बंडल संपले होते, म्हणून सोबतच्या मुलाने दुसऱ्या पुरवठादाराकडून ९० मीटरचे बंडल आणले. वेष्टनावर 'कॉपर' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. शिडीवर चढताना ते खांद्यावर घेतले, तेव्हा ते हलके लागले आणि मला बरे वाटले. पंधरा वर्षे केबल ओढणाऱ्या माणसाला त्या हलकेपणाने बरे वाटावे, याची मला आजही लाज वाटते.

दुपारी आठही चित्रे स्वच्छ आली. अंधारातली चाचणी मी एक नंबरच्या कॅमेऱ्यावर घेतली. त्याच्या तोंडावर तळहात धरला की प्रकाश ओळखणारा सेन्सर झाकला जातो, आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे) दिवे लागतात आणि चित्र काळे-पांढरे होते. एक नंबर व्यवस्थित चालला. आठ नंबरसाठी पुन्हा शिडी लावावी लागली असती, आणि ती मी लावली नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच मालकांचा फोन आला. मागच्या भिंतीलगत ठेवलेल्या मालातली काही खोकी कमी भरली होती, आणि आठ नंबरचे रात्रीचे रेकॉर्डिंग एकाही दिवशी नव्हते. मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर नोंदी उघडूनच ठेवलेल्या होत्या. रोज संध्याकाळी 'व्हिडिओ लॉस', म्हणजे चित्र येणे बंद, आणि पहाटे चित्र परत. पहारेकरी संध्याकाळी येतो आणि सकाळी जातो. "तुम्हीच म्हणाला होता ना, नोंद खोटी ठरणार नाही," असे मालक म्हणाले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तेच वाटले. पहारेकरी काका दाराशी उभे होते आणि काहीच बोलत नव्हते.

मी हजेरीचे रजिस्टर मागवले. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ दाटून आले होते, आणि त्या दिवशी आठ नंबर नेहमीपेक्षा पाऊण तास आधी बंद झाला होता. काकांची येण्याची सही त्यानंतर पंचवीस मिनिटांनी झाली होती, आणि ती लिहून घेणारा दिवसपाळीचा माणूस होता. कॅमेरा माणसाच्या येण्याने नव्हे, तर उजेड कमी होण्याने बंद होत होता.

मग शिडी लावली आणि मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या डीसी पिनवर धरला. कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून १२ व्होल्ट निघत होते, येथे १०.७ पोहोचत होते. सेन्सरवर हात ठेवताच आकडा ८.७ वर उतरला. दिवे लागले, पण चित्र गेले. या कॅमेऱ्यात आयआरची पाटी वेगळी असते आणि तिचा सेन्सर स्वतंत्र असतो, त्यामुळे चित्र तयार करणारा भाग उपाशी पडला तरी दिवे वीज ओढतच राहतात, ते थेट उजाडेपर्यंत. वीज देणारी तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस थराखाली पांढरे ॲल्युमिनियम निघाले. असा तार त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळजवळ दीडपट विरोध करतो, आणि जाणे-येणे धरून वाट १२० मीटरची होती. दिवसा ०.२ अँपिअरवर ते खपून गेले. रात्री अर्धा अँपिअर लागताच कोलमडले. चुंबकाने पोलाद पकडता येते, ॲल्युमिनियम नाही. वेष्टनावर 'कॉपर' छापणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असते.

त्याच दिवशी विजेसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी वेगळी ओढली. सेन्सर झाकूनही ११.३ व्होल्ट मिळाले. मालकांना सारे दाखवले, खरवडलेला तुकडा हातात दिला, आणि केबल मीच पसंत केली होती हेही सांगितले. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "कॅमेरा त्यांनी बंद केला नाही, हे मान्य," ते म्हणाले, "पण खोकी गेलीच ना."

मी सामान आवरत असताना काका जवळ आले. "साहेब, त्या रात्रींचं मशीनमधून काहीच काढता येत नाही का? मी फेऱ्या मारताना तरी दिसलो असतो."

चित्र पुसले गेले असते तर शोधून पाहिले असते, पण ते डिस्कवर मुळात लिहिलेच गेले नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते पुन्हा एकदा विचारले, आणि मी पुन्हा तेच सांगितले.