वांगणीची रात्र, कर्जत लोकलने

आकाश बघायला शिकायचं असेल तर आधी गच्ची, मग कर्जत लाइनवरची वांगणी. कुणी विचारलं की मी हाच क्रम सांगते, कारण बहुतेक जण उलटं करतात. थेट कुठल्यातरी काळोख्या फार्महाऊसवर जातात आणि मान वर करताच गोंधळतात. तिथे तारेच इतके की मृग कुठला आणि शेजारचा शशक कुठला, काही कळत नाही. ठाण्याच्या आकाशात त्या मानाने मोजकेच तारे उरतात. नव्या माणसाला ते सोयीचंच आहे. पहिलीच्या पुस्तकासारखं, थोडीच अक्षरं पण ठळक.

डिसेंबरभर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी आणि माझा भाचा तेवढंच करत होतो. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहायचं म्हणजे समोरच्या टॉवरचा फोकस डोळ्यांत येत नाही. मृगाचे चार पाय शोधायचे, पोटातले ओळीतले तीन तारे, म्हणजे बाण, शोधायचा. ती रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, आणखी पुढे नेली की कृत्तिका. एवढं पाठ झालं की अर्धं हिवाळी आकाश ओळखीचं होतं. त्याला ना टेलिस्कोप लागतो ना ॲप.

यंदाची पौष अमावास्या 18 जानेवारीला, रविवारी होती. म्हणून 17 तारखेचा शनिवार धरला. मी, भाचा, ऑफिसातली मैत्रीण आणि तिचे काका, ज्यांच्याकडे आठ इंची आरशाचा डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायचा) टेलिस्कोप आहे. काका तो गाडीतून घेऊन पुढे गेले. आम्ही ठाण्याहून कर्जत लोकल पकडली. शनिवार दुपारची गर्दी, त्यात आमच्या सतरंज्या आणि कानटोप्यांचं बोचकं. "ट्रेकला का?" असं एका बाईंनी विचारलं, आणि तारे बघायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी भाच्याकडे जरा दयेने पाहिलं. बदलापूरला निम्मा डबा रिकामा झाला, आणि त्यापुढचं स्टेशन वांगणी.

मुंबईच्या हौशी आकाशनिरीक्षकांना वांगणी नवीन नाही. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे अनेक वर्षं होत आले आहेत. ज्याला ओळखीचं कुणी नाही त्याने अशाच कार्यक्रमाला नाव नोंदवावं. पुण्यात असाल तर 1944 पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहेच. आम्ही मात्र काकांच्या ओळखीच्या शेतावर गेलो. स्टेशनपासून रिक्षा, मग कच्चा रस्ता, आणि भात कापून मोकळं झालेलं खाचर.

खरं सांगायचं तर वांगणीचं आकाश आता काळंकुट्ट राहिलेलं नाही. उत्तरेला बदलापूर, त्यामागे कल्याण-अंबरनाथ, आणि पश्चिमेला माथेरानच्या रांगेमागून वर येणारा पनवेल-नवी मुंबईचा पिवळट उजेड. स्टेशनजवळ नव्या इमारतीही उठल्यात. पण डोकं वर केलं की फरक लगेच कळतो, आणि दक्षिण अजून बरी आहे. लोकलच्या तिकिटात एवढं मिळत असेल तर तक्रार करू नये.

अंधार पडता पडता काकांनी पहिला हुकूम सोडला: मोबाईल पिशवीत. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीनची एक झलक सगळं पुन्हा शून्यावर आणते. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावलेला होता. अंधारात काम करणाऱ्या आपल्या दृष्टिपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून लाल. भाच्याने वीस मिनिटं मोबाईलशिवाय काढली, ही त्या रात्रीची पहिली खगोलीय घटना.

सुरुवात पश्चिमेकडून केली, कारण तिकडचं आधी मावळतं. शनी पावणेअकरापर्यंत होता, पण क्षितिजाजवळची धूळ त्याला खाऊन टाकेल म्हणून आठलाच टेलिस्कोप लावला. भाच्याला चित्रातल्यासारखी रुंद कडी हवी होती. दिसली ती दोन्ही बाजूंनी टोकदार सुई. गेल्या वर्षी मार्चमध्ये कडी पृथ्वीवरून अगदी कडेवर आली होती आणि अजून ती फारशी उघडलेली नाहीत. पुढच्या काही वर्षांत ती रुंदावत जातील. नवख्याला हे निराशाजनक वाटतं, पण मला ती सुईच जास्त आवडली. इतकी मोठी कडी किती पातळ आहेत, हे अशाच वेळी पटतं.

मग देवयानी तारकासमूह. वायव्येच्या उजेडात बुडायच्या आत तिथली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, शोधली. बायनॉक्युलरमधून लांबट धुरकट डाग, बस. तो उजेड सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला. मैत्रीण म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं?" तिला मी काही म्हटलं नाही. असे धुरकट डाग आवडायला वेळ लागतो, काहींना कधीच आवडत नाहीत, त्यांनी ग्रह बघावेत.

खरी गंमत कृत्तिकांची. त्या वेळी त्या जवळजवळ डोक्यावर होत्या. ठाण्याच्या गच्चीवरून तो नुसता पुसट पुंजका, चांगल्या रात्री तीन-चार तारे. इथे सतरंजीवर पाठ टेकून भाचा मोजत होता. पाच. मग थोडं बाजूला बघून सहा. थेट न बघता किंचित तिरकं बघायचं, मंद तारे डोळ्याच्या कडेला चांगले दिसतात, ही युक्ती त्याला काकांनी तिथेच शिकवली. कार्तिकेयाच्या सहा माता मोजून भरल्या. आकाश किती चांगलं आहे हे ठरवायला यापेक्षा सोपी मोजपट्टी नाही. नव्या ठिकाणी गेलात की आधी कृत्तिका मोजा.

साडेदहाच्या सुमारास मृग दक्षिणेला ताठ उभा राहिला. त्याच्या चार पायांतला काक्षी तारा तांबूस, राजन्य निळसर पांढरा, हा रंगातला फरक इथे नुसत्या डोळ्यांनी कळत होता. बाणाच्या खालच्या मंद ताऱ्यांच्या ओळीत मधला तारा जरा पुसट दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ. साधारण 1,300 प्रकाशवर्षांवर तारे जन्माला येताहेत अशी जागा. बायनॉक्युलरमध्ये पंख पसरल्यासारखा, आणि टेलिस्कोपमध्ये त्याच्या पोटात चिकटून बसलेले चार बारीक तारे.

तेवढ्यात मैत्रिणीला शंका आली. "मृग तर जूनमध्ये लागतो ना? कालनिर्णयमध्ये असतं, वाहन बेडूक वगैरे." शंका अगदी रास्त. 7-8 जूनला 'मृग लागतो' तेव्हा त्या भागात येतो तो सूर्य. साहजिकच मृगाचे तारे सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात, रात्री ते नसतातच. पुढे सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला गेला की तोच मृग रात्रभर आकाशात. पंचांगातली पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य कुठे आहे याची नोंद. ज्याला रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं शेतीमुळे किंवा आजीमुळे ठाऊक आहेत, त्याने हा छंद निम्मा आधीच शिकून ठेवलेला असतो.

बाराच्या आधी शेताचे राखणदार मामा चहा घेऊन आले. टेलिस्कोपभोवती एक फेरी मारून त्यांनी काकांना विचारलं, "सायेब, मंगळ दिसंल का यात?"

"मंगळ सध्या नाही दिसणार मामा. सूर्याच्या पलीकडे गेलाय. शुक्रही तिकडेच."

"बरं झालं," मामा म्हणाले. "पोरीच्या पत्रिकेत हाय तो. तिकडंच राहू दे."

मग त्यांना गुरू दाखवला. गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या जोडीजवळ, अगदी माथ्यावर होता. 10 जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणजे वर्षातला सर्वांत तेजस्वी. मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. पट्टे दिसले का विचारलं तर म्हणाले, पट्टे नाही, पण बाजूला बारके ठिपके आहेत. ते चंद्र. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने तेच ठिपके टिपायला सुरुवात केली होती. मामांच्या मते ती माहिती ठीक होती, पण चहा गार होत होता.

दक्षिणेला खाली, डोंगराच्या जरा वर अगस्ती. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. युरोपात बऱ्याच ठिकाणी तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडून तो साधारण अठरा अंश वर चढतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे दोन मुठींपेक्षा थोडं कमी. तेवढ्याच उंचीवर उत्तरेला ध्रुव, पण तो बदलापूरच्या उजेडात केविलवाणा दिसत होता.

दोननंतर भाचा झोपला. साडेचारला मामांनीच उठवलं. सप्तर्षी ध्रुवाच्या वर आडवे आले होते. "ही म्हातारीची खाट आन् हे तीन चोर," मामा म्हणाले. चौकोन ती खाट, शेपटीचे तीन तारे ते चोर. दक्षिणेला नेरळच्या दिव्यांवर धुरकटात त्रिशंकू हा चार ताऱ्यांचा समूह जेमतेम वर आला होता. चारही तारे दिसले, पण कष्टाने.

आता कामाचं. मोठा टेलिस्कोप लगेच घेऊ नका. 7×50 किंवा 10×50 बायनॉक्युलर (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) घ्या, तेही एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी काढल्यावर. खाली अंथरायला प्लास्टिकही न्या, दवाने सतरंजी भिजते. जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ढगांचं राज्य, त्यामुळे हातात मेपर्यंतचाच वेळ आहे. फेब्रुवारीची अमावास्या 17 ला, मंगळवारी येते. 14 च्या शनिवारी चंद्र पहाटेच उगवेल, 21 ला त्याची कोर रात्री दहाच्या सुमारास मावळेल, दोन्ही रात्री चालतील. 14 ला व्हॅलेंटाईन डे असल्याने आमच्या ग्रुपमधले दोघं आत्ताच गळलेत, तेव्हा आम्ही 21 पक्का केलाय.